पैलवानाची तिसरी भाकर

धुरपताबाईला आयुष्यात एकदाच कुत्रं चावलं. पण त्या एका चाव्याचा तिनं जेवढा उपयोग करून घेतला, तेवढा लोक बापाच्या जमिनीचाही करत नाहीत.

बोरवाडीत ती एकटीच राहायची. नवरा पटकीच्या साथीत गेलेला, लेक पूर्णेला रेल्वेत खलाशी. मागं राहिली दोन एकर काळी, एक शेळी आणि एक जीभ. शेताला उन्हाळ्यात तरी विसावा असतो, जिभेची मशागत बाराही महिने चालायची. गाव तिला भीत होतं असं नाही, पण तिच्या दारावरून जाताना माणसं जरा भराभर चालायची.

गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि तिची वाट पोलीस पाटील आबासाहेबांच्या दारावरून जाणारी. त्या दारात एक तांबडं, रुंद छातीचं कुत्रं बसलेलं असायचं. गावानं त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं. हा पैलवान कुस्ती खेळायचा ती मात्र फक्त बायकापोरांशी. बाप्यांच्या हातात काठी असते, एवढी अक्कल देवानं त्याला दिली होती. बायका बिचाऱ्या त्याच्या धाकानं ओढ्यातून अर्ध्या कोसाचा वळसा घालून पाणी आणायच्या. ओढ्यातल्या दगडगोट्यांवर पाय घसरून छबूबाईच्या दोन घागरी फुटल्या, तिसऱ्या वेळी मनगट मोडलं. छबूबाई म्हणजे धुरपताबाईची शेजारीण, गरीब स्वभावाची. ती हात गळ्यात बांधून गप्प बसली. धुरपताबाई गप्प बसली नाही. 'पाणी माझ्या हक्काचं, वाट माझ्या हक्काची, मी वळसा घालत न्हाई,' म्हणून ती डोक्यावर घागर घेऊन सरळ पाटलाच्या दारावरून गेली, आणि पैलवानानं तिची पोटरी धरली.

रक्ताळलेला पाय घेऊन ती तशीच ओसरीपुढं उभी राहिली. आबासाहेब सुपारी कातरत बसले होते.

"पाटील, तुमचं कुत्रं चावलं मला."

"माझं?" आबासाहेबांनी वरही न बघता विचारलं. "दारात बसतंय म्हून माझं झालं व्हय? दारात कावळा बी बसतोय. ते गावाचं कुत्रं हाय, धुरपताबाई."

यात आबासाहेबांची नुसती लबाडी होती असंही नाही, गावाची रीतच तशी होती. बोरवाडीतल्या घराघरात भाकरी थापून झाल्या की उरल्या पिठाची शेवटची लहानशी भाकर कुत्र्याची म्हणून करायची. जे कुत्रं दारात येईल त्यानं खायची. त्यामुळं कुत्री सगळ्यांची होती, आणि चावली की कुणाचीच नव्हती.

घरी येऊन धुरपताबाईनं जखमेत मिरचीची पूड भरली आणि पुढच्या उपायाला लागली. कुत्रं चावलं की सात विहिरींत वाकून बघायचं, म्हणजे विष उतरतं, असं जुनी माणसं सांगत. गावात खारी-गोडी मिळून विहिरी दोन. तिसरी शेजारच्या मळ्यात. दोन झरी गावात सापडल्या, सहावी परभणीच्या वाटेवर, आणि सातवी विहीर शोधता शोधता बाई लंगडत लंगडत परभणीला तहसील कचेरीच्या आवारात पोचली. त्या सातव्या विहिरीत तिला स्वतःचं तोंड स्वच्छ दिसलं. आणि तोंड आहे तर ते वापरावं, असं तिच्या मनात आलं. लिंबाखाली एक अर्जनवीस बसला होता. त्याच्या पुढ्यात ओटीतल्या भुईमुगाच्या शेंगा ओतून ती म्हणाली, "लिव्ह. कुत्र्याला धनी पायजे. ज्याची भाकर त्याचं कुत्रं."

ही गोष्ट सन त्रेचाळीसची, निजामाच्या राज्यातली. पुढं चार महिन्यांनी तहसिलीतून गावोगाव एक नवा हुकूम फिरला. त्यात धुरपताबाईचं नाव कुठंही नव्हतं, आणि तिच्यासारख्या शंभर अर्ज्या आल्या असणार. पण हा हुकूम आपणच काढला याविषयी तिला मरेपर्यंत शंका आली नाही. चावडीपुढं हलगी वाजवून सांगितलं गेलं: कुत्र्याच्या मालकानं त्याला साखळीनं बांधावं, कुत्रं चावलं तर मालकानं कचेरीत येऊन जाब द्यावा, आणि मालक कोण असा वाद पडला, तर ज्याच्या घरची भाकर कुत्रं लागोपाठ तीन दिवस खाईल, तोच मालक.

धुरपताबाई त्या दिवशी गावातून अशी चालली, जणू हैदराबादेहून कुणी बेगम आलीय.

पण बोरवाडी म्हणजे बोरवाडी! हुकूम मोडायचा नाही, फक्त त्यातून सटकायचं, हे या गावाला जन्मापासून येतं. दुसऱ्याच दिवसापासून घराघरात मोजणी सुरू झाली. कुत्र्याला दोन दिवस भाकर घालायची आणि तिसऱ्या दिवशी खाडा करायचा. म्हणजे पुण्यही बुडत नाही आणि मालकीही लागत नाही. ज्या बायकांना स्वतःच्या लेकराचं वय सांगता येत नसे, त्या कुत्र्याचा कितवा दिवस हे चुलीपुढं बोटं मोडून बिनचूक सांगू लागल्या. तिसऱ्या दिवशीची उपाशी कुत्री मग सैपाकघरात घुसायची, टोपली पळवायची, हाकलायला गेलं की चावायची. पूर्वी कुत्रं महिन्याला एखाद्या माणसाला चावायचं, आता आठवड्याला दोघांना. भीक नको पण कुत्रं आवर, असं सगळं गाव धुरपताबाईला म्हणू लागलं. ती वरून ताठ होती, पण खरं सांगायचं तर आतून खचली. आणि तीसुद्धा, हुकमाची आई, दारातल्या कुत्र्याला दोनच दिवस भाकर घालत होती. शेवटी तीही बोरवाडीचीच.

तिला हवं होतं ते एवढंच: पाटलाच्या दारात एक साखळी, आणि छबूबाई सरळ वाटेनं पाण्याला गेलेली. तिनं पुन्हा तक्रार केली, आणि चौकशीला तहसिलीतून गिरदावर साहेब, म्हणजे महसुलाचे तपासनीस, घोड्यावरून आले. ही वेळ हुकली तर पुन्हा कुणी येणार नव्हतं, हे तिला कळत होतं.

आबासाहेबांना साहेब येण्याची खबर दोन दिवस आधीच लागली होती. त्यांनी घरात बजावलं, की कुत्र्याला कणभर घालायचं नाही. इथं त्यांची एक चूक झाली. त्यांची बायको कस्तुराबाई हिचा माहेरापासूनचा नेम होता, की दुपारी कुत्र्याचा घास काढल्याशिवाय आपल्या तोंडात घास घालायचा नाही. नवऱ्याला हा नेम माहीत नव्हता. वाढलेलं ताट पुढं येतं, ते कसं येतं हे बघायची त्यांना सवय नव्हती. धुरपताबाईला मात्र माहीत होता. आदल्या दिवशी मारुतीच्या देवळात तिला कस्तुराबाईचा सुकलेला चेहरा दिसला होता. "काय वं वैनी, उपास हाय का?" असं विचारल्यावर कस्तुराबाईनं नुसती मान हलवली आणि डोळे पुसले. धुरपताबाईनं ओळखायचं ते ओळखलं.

सकाळी चावडीत चौकशी बसली. चावडी पाटलाच्या घरासमोरच, मध्ये फक्त वाट. पैलवान वाटेत आडवा पडलेला, पोट पाठीला लागलेलं.

"ये कुत्ता किस का है?" साहेबांनी विचारलं.

"लावारिस हाय सरकार," आबासाहेब म्हणाले. "कुनाच्या बी दारात खाऊ द्या, माझ्या दारात दोन दिसांत खाल्लं असंल तर इचारा गावाला."

गाव खाली बघू लागलं. साहेब धुरपताबाईकडं वळले. तिनं सूर्याकडं बघितलं. दुपार व्हायला अजून अवकाश होता. मग तिनं पदर खोचला आणि जबानी सुरू केली ती आपल्या जन्मापासून. माहेर कुठलं, लग्नात वऱ्हाडाला काय कमी पडलं, नवरा कसा होता, शेळी कुणाकडून घेतली. "बाई, मुख्तसर बोलो," साहेब तीनदा म्हणाले. "थोडक्यातच सांगायलेय, सरकार," असं म्हणून ती पहिल्या विहिरीवर आली. चपराश्याला डुलकी लागली. मुन्शीनं लेखणी खाली ठेवली. सहाव्या विहिरीत ती वाकली आणि समोर पाटलाचं दार करकरलं.

दोन दिवसांच्या उपाशी कस्तुराबाईचा धीर तिसऱ्या दुपारी सुटला होता. डोक्यावरून पदर ओढून ती उंबऱ्यात उभी राहिली. हातात पितळी वाडगा, वाडग्यात दूध-भाकर. "यू, यू, पैलवान! ये रं माझ्या लेकरा!"

पैलवान उठला आणि चावडीतल्या एकाही माणसाला मान न देता धावला. गिरदावर साहेबही उठले आणि कुत्र्याच्या मागोमाग चालू लागले. त्यांच्या मागं मुन्शी, मुन्शीमागं सगळं गाव, आणि सगळ्यांत शेवटी आबासाहेब.

"आजच घातलं असंल, सरकार! पयल्यांदाच!" ते मागून ओरडत होते.

परक्या पुरुषाशी बोलायचं नाही म्हणून कस्तुराबाई दाराआडून धुरपताबाईला म्हणाली, "सायबाला सांगा, बाई, पिल्लू होतं तवापासून रोज घालते. माझ्या माहेरचं हाय ते. दोन दिस यांनी त्याला उपाशी ठिवलं, अन् मला बी."

लोक हसले, साहेबही मिशीत हसले. पण धुरपताबाईला त्या 'मला बी'नं कसंतरीच झालं. जिंकल्याचा आनंद निम्मा तिथंच गेला.

"पाटील साहब," गिरदावर साहेब म्हणाले, "घर में जंजीर है, या भिजवा दूँ?"

साखळी आली. बैलाला बांधतात तसली जाड. दुसऱ्या दिवशी छबूबाई बऱ्या झालेल्या हातानं घागर सावरत सरळ वाटेनं पाण्याला गेली, आणि पैलवान साखळीच्या टोकाला उभा राहून नुसता भुंकत राहिला. पाच वर्षं बायका त्या वाटेनं गेल्या. धुरपताबाई जाताना थांबून साखळी नीट बघायची आणि म्हणायची, "बस मेल्या, जागेवर."

मग अठ्ठेचाळीसचा भाद्रपद आला. फौजा येणार, राज्य बुडणार, अशा रोज नव्या बातम्या. आबासाहेब निजामाचे पोलीस पाटील. एका सकाळी गाडी जुंपून ते बिऱ्हाडासकट गंगाखेडला सासरवाडीला निघाले. गाडीत जागा नव्हती. कस्तुराबाई वळून वळून बघत होती. "दोन दिसांत येऊ," आबासाहेब म्हणाले.

कुत्रं साखळीला तसंच राहिलं.

दिवसभर ते ओरडत होतं. धुरपताबाई कानावर पदर घेऊन बसली, मग उठली, आणि शेवटची भाकर काठीनं त्याच्यापुढं सरकवून आली. ज्याला दूध-भाकर लागायची, त्यानं कोरडी ज्वारीची भाकर मटकावली. दुसऱ्या दिवशीही तेच. पाटलाची गाडी आली नाही.

तिसऱ्या दिवशी ती भाकर घेऊन पाटलाच्या पायरीवर बसली. पैलवान म्हातारा झाला होता, तोंडावर पांढरं आलं होतं, गळ्याभोवती साखळीनं केस गेले होते. ही साखळी आपण आणली, हे तिला आज पहिल्यांदा बोचलं. भाकर घालावी तर मालकी आली. आता बघायला गिरदावर नव्हता, पाटील नव्हता. राज्यसुद्धा बुडालं होतं म्हणे. पण राज्याबरोबर हुकूमही बुडाला, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तो तिचा हुकूम होता.

तिनं भाकरीचे तुकडे केले आणि या वेळी काठी बाजूला ठेवून हातानं पुढं धरले. पैलवानानं ते सावकाश खाल्ले आणि तिचा हात चाटला.

थोड्या वेळानं ती साखळी मनगटाला गुंडाळून विहिरीच्या वाटेनं घराकडं निघाली. समोरून छबूबाई घागर घेऊन येत होती. ती चटकन कडेला झाली.

"अगं बया! कुनाचं कुत्रं हे?"

त्या गावात हा प्रश्न हजारदा विचारला गेला होता आणि त्याला सरळ उत्तर कधी कुणी दिलं नव्हतं.

"माझं," धुरपताबाई म्हणाली. "चावलं तर मला येऊन सांग."