डाव्या दिव्याची घुंडी

आमच्या गल्लीत त्या गाडीला सगळे 'डोळा मारणारी' म्हणायचे. बटण दाबलं की बॉनेटमधून उजवा दिवा टुणकन वर यायचा आणि डावा आतच बसून राहायचा. दिव्याची आतली मोटार घर्र घर्र करायची, दिवा काय हलायचा नाय. क्रांती चौकाच्या मागं आमचं वायरिंगचं दुकान. रिक्षावाले, जीपवाले हेच आमचं गिऱ्हाईक. असली बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार तिथं म्हणजे गोठ्यात हरीण बांधल्यासारखं. चिकलठाण्याच्या एका कारखानदारानं ती परदेशातून आणली होती. दिवे उघडेनात म्हणून आमच्याकडं टाकली, आणि पुढं कारखानाच गुंडाळून गेला. जाताना गाडीचे कागद माझ्या भागीदाराच्या नावावर करून गेला.

भागीदार माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाईजान म्हणायचो, तो मला 'पिशोरवाले'. शेती भावांवर सोडून मी पिशोरहून शहरात आलो तेव्हा बॅटरीची कुठली वायर कुठं लावायची तेही मला कळत नव्हतं. त्याच्या शेजारी बसून शिकलो, मग दोघांनी मिळून दुकान चालवलं, अठ्ठावीस वर्षं. भांडलो किती ते विचारू नका. मी तापट, तो खवचट. पण दुपारचा डबा एकाच कागदावर उघडायचा.

त्या दिव्यांची मोटार पहिल्यांदा खोलली तेव्हा आत प्लास्टिकची चकती निघाली आणि चकतीच्या पोटात तीन गुट्ट्या, बोटाच्या पेराएवढे ठोकळे. गुट्ट्यांचा पार भुगा झालेला. मोटार फिरायची, पण जोर पुढं जायचाच नाय. नवीन पार्ट इकडं मिळायची सोय नव्हती. भाईजाननं हवाई चपलेचं रबर कापून बसवलं. चारदा दिवा उघडला, पाचव्यांदा चपलेचाही भुगा. "चप्पल बी गई, बत्ती बी गई," म्हणत तो इतका हसला की खोकत बसला. शेवटी नायलॉनच्या दांड्यातून लेथवर गुट्ट्या काढल्या आणि उजवा दिवा मार्गी लागला. डाव्याचं काम आज करू, उद्या करू म्हणत राहिलं.

मोटारीच्या टोकाला रबरी टोपीखाली एक घुंडी असते. मोटार बंद पडली तर टोपी काढून ती बोटांनी फिरवायची, दिवा हळूहळू वर येतो. त्या घुंडीची भाईजानला भारी चीड. "हाथ से खोलना है तो कंदील क्या बुरा है रे?" दोन्ही दिवे एका बटणावर, एकदम वर आले पाहिजेत, एवढंच त्याला आयुष्यात बघायचं होतं. असं तो गमतीनं म्हणायचा. मला तरी गंमत वाटायची.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी अवजारं रॉकेलनं धुवायची, पाटावर मांडायची, हळद-कुंकू, झेंडू वाहायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत एकाही पान्याला हात लावायचा नाय. दुकान सुरू केलं त्या पहिल्या वर्षी भाईजान यावरून चिडला होता. "गिऱ्हाईक उभं आणि तुझे पाने झोपलेले?" पण पुढं तोच माझ्याहून कडक झाला. झेंडू तो आणायचा. एकदा मी पेंटच्या डब्याचं झाकण उघडायला पेचकस उचलला तर माझ्या हातावर चापट मारली. "आज उनकी छुट्टी है. शरम कर."

मग त्याचं हृदय बिघडलं. मुलगी पुण्याला, तिनं तिथं ऑपरेशन ठरवलं. दसऱ्याच्या सकाळी त्याला घेऊन जायचं. मी आठवडाभर जुंपून घेतलं, गुट्ट्या काढल्या, डावी मोटार गाडीत बसवली. फक्त वायरचा जोड राहिला, आणि खंडेनवमी उजाडली.

चारच्या सुमारास तो रिक्षानं आला. चेहरा पार उतरलेला. स्टुलावर बसला, पाटावरच्या अवजारांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पिशोरवाले, जोड मार दे आज."

"आज?" मी म्हणालो. "नियम तुझाच हाय ना?"

"मैं ही बोल रहा. मेरे वास्ते तोड़."

पाच मिनिटांचं काम होतं हो. पक्कड उचलायची, दोन वायरी सोलायच्या, पिळायच्या. पण माझ्या मनात भलतंच बसलं होतं. ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी नियम मोडला आणि काही झालं तर? आणि त्याहून खरं सांगतो, काम अर्धं ठेवलं तर त्याला परत यावंच लागेल असं मला वाटत होतं. दिवा उघडलेला बघून निवांत गेला तर तो कशाला परत येतोय? वेड्यासारखा विचार, पण माझा होता. हे त्याला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाय. उलट डाफरलो, "परत ये, मग तुझ्या हातानं बटण दाब. आज नाय म्हणजे नाय."

"अच्छा," तो म्हणाला. "चाय तो पिला."

मी कोपऱ्यावरून चहा घेऊन आलो तर हा बॉनेट उघडून आत वाकलेला. एक हात डाव्या दिव्याच्या मागं. धाप लागली होती, कपाळावर घाम. माझं टाळकंच सणकलं. "मरायचंय का? हो बाजूला!" असा ओरडलो की समोरचा पानवाला बाहेर आला. त्याला दंडाला धरून बसवलं, बॉनेट धाडकन बंद केलं. चहा त्यानं अर्धाच प्यायला. रिक्षात बसताना माझा हात थोडा वेळ धरून ठेवला आणि गेला.

सहाव्या दिवशी मुलीचा फोन आला. "ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण तिसऱ्या रात्री... काका, अब्बा..." एवढंच तिला बोलता आलं.

मी दुकानात गेलो. दुसरं कुठं जाणार? गाडीवरची ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं. वायरचा जोड करावा म्हणून आत वाकलो, आणि बॅटरीच्या शेजारी ती रबरी टोपी पडलेली दिसली. घुंडी उघडी होती. ज्या घुंडीला तो आयुष्यभर शिव्या देत आला, तीच फिरवायला निघाला होता. टोपी काढण्यापुरता जोर त्याच्यात होता, फिरवण्यापुरता उरला नव्हता. आणि मी चहा घेऊन येऊन त्याच्यावर ओरडलो.

मी घुंडी फिरवली. वेळ लागतो, बोटं दुखतात. दिवा हळूहळू पुरा वर आला. मी तिथंच खाली बसून ढसाढसा रडलो, गिऱ्हाईक बघत होतं तरी.

तो जोड मी अजून केलेला नाय. गाडी विकायचं नावही काढू देत नाय कुणाला. दर खंडेनवमीला झेंडू आता मीच आणतो, अवजारं पाटावर मांडतो आणि चारच्या सुमारास डावा दिवा हातानं उघडतो. त्याला अवजार लागत नाय. तेव्हाही लागलं नसतं.