उचलू नको

"अरे, 'उचलू नको'चा फोन आलाय! कोण रे ही?"

घाटघरच्या खानावळीत त्याच्या मित्रानं टेबलावरचा फोन हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. मी दारात होते. जीप आलीय एवढंच सांगायला मी बाहेरून फोन लावला होता आणि रिंग जाता जाता चालत दारापर्यंत पोचले होते. माझ्या कानात रिंग. टेबलावर त्याचा फोन वाजतोय. आणि स्क्रीनवर माझं नाव: 'उचलू नको'.

त्यानं मला पाहिलं. डोळ्याला डोळा भिडला. मग तो हसला.

"लोनवाली हाये राव. रोज डोकं खाती. कर कट."

मित्रानं कट केला. सगळे हसले. सगळ्यांबरोबर मीही हसले. त्यांचं हसणं मी कधीतरी विसरेन. माझं मला विसरता येत नाही.

तो जुन्नरकडचा. मी लोणीची, कळंबला मोबाईलच्या दुकानात कामाला. भरतीच्या अभ्यासाचा एक ग्रुप होता, जुन्नर-आंबेगावातली पोरं-पोरी त्यात; घाटघरची सहलही त्याच ग्रुपची. तिथं ओळख झाली. आधी प्रश्नांची उत्तरं विचारली, मग जेवलीस का विचारलं. मग आवाज पाठवायला लागलो. त्याच्या आवाजात मागं कधी मोटर चालू असायची, कधी कुत्रं भुंकायचं. मला त्या कुत्र्याचासुद्धा लळा लागला.

माणूस समोर बसला की तो तुमचे कपडे बघतो, चपला बघतो, वस्तीला जाणारा रस्ता बघतो. फोनमध्ये नुसते शब्द. मला वाटलं, इथं वेस नाही. आणि जे दिसत नव्हतं ते मी माझ्या मनानं भरलं. त्यानं 'हं' लिहिलं तर तो थकला असेल. उशिरा उत्तर दिलं तर विचार करत असेल. अर्धा माणूस त्यानं पाठवला, अर्धा मी घरी बनवला. प्रेम त्या अर्ध्यावरच जास्त बसलं.

एक दिवस त्यानं विचारलं, "लोणीत कुणाच्यातली तू?"

आमच्याकडं हा प्रश्न पाणी विचारण्याआधी विचारतात. मी लपवलं नाही. लिहिलं, "आम्ही बौद्ध."

'टायपिंग' दिसलं. गेलं. परत दिसलं. परत गेलं. दुकानात गिऱ्हाईक ओरडत होतं, मला ऐकू येईना. मग आलं, "मग काय झालं?" पुढं लाल बदाम.

मी दुकानाच्या मागं जाऊन रडले. आनंदानं. लग्नाचं बोलणं त्यानंतर सुरू झालं. त्यानंच काढलं. मला वाटलं, जात न बघणारा जगात एक तरी निघाला. पण त्यानं काय केलं असेल ते आता कळतं. 'मग काय झालं' लिहिलं आणि त्याच अंगठ्यानं माझं नाव पुसलं.

घाटघरवरून येताना जीपमध्ये तो पुढं, मी मागं. नेटवर्क आल्यावर मेसेज आला. "सॉरी. घरचे फोन बघतात. तुझं आडनाव दिसलं तर आई जीव देईल. बाहेर काय म्हणतो ते सोड ना. फोनमध्ये तू माझीच आहेस."

फोनमध्ये. म्हणजे उंबऱ्याबाहेरच. फक्त उंबरा काचेचा.

इथं मी ताडकन उठले असं लिहायला मला आवडलं असतं. उठले नाही. बोलत राहिले. सकाळी त्याचा मेसेज आला नाही की घास उतरत नव्हता. तो ऑनलाइन दिसला आणि बोलला नाही की मी दर मिनिटाला स्क्रीन उघडून बघायची. दुकानात म्हाताऱ्या बाया येतात, "माज्या लेकीचं नाव घालून दे गं बाय" म्हणतात. मी त्यांच्या फोनमध्ये लेकींची, सुनांची, पाहुण्यांची नावं घालून द्यायची आणि स्वतःचं नाव कुठं नाही हे गिळायची. काही बोलले की तो म्हणायचा, "तू लई मनावर घेतीस." मग मीच माफी मागायची. लाज त्याला वाटली आणि माफी मी मागितली. सवय माणसाला किती खाली नेते, हे ज्याला लागली त्यालाच कळतं.

एका रविवारी आई मेथी निवडत होती. मी समोर बसून फोनकडं बघत होते.

"कोन हाये त्यात? सारखी डोकं घालून बसलीस."

मी सांगितलं. सगळं. घाटघरचं, ते नाव, त्याचं हसणं, माझं हसणं. आईचा हात थांबला. मला वाटलं, आता मारेल.

"तुजा आजा गावची मेलेली ढोरं उचलायचा," ती म्हणाली. "आपुन बौद्ध झालो आन् त्यानं सांगितलं, आजपासनं उचलनार न्हाई. गावानं दळान बंद केलं, वाट बंद केली. लई हाल झालं. पर त्यानं परत हात लावला न्हाई."

तिनं मेथीची पुढची काडी हातात घेतली. मग माझ्याकडं न बघता बोलली, "आन् तू त्या पोराची लाज उचलतीस व्हय गं? त्याची हाये ती. त्याला वाहू दे."

मी मेथीच्या ढिगात तोंड घालून रडले. या वेळचं रडणं वेगळं होतं. त्यात राग होता, आणि राग इतका जुना होता की तो नुसता माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानातूनच त्या ग्रुपवर लिहिलं. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. खाली: 'घाटघरला कट केला तो फोन माझा होता. मी लोनवाली नाही, लोणीवाली आहे. ज्याच्या फोनवर तो आला तो माझ्याशी लग्नाचं बोलत होता. मी बौद्ध आहे म्हणून माझं नाव लिहायची त्याला लाज वाटली.'

एकेकानं वाचलेलं दिसत होतं. कुणी काही लिहीना. दोघं ग्रुपमधून बाहेर पडले. एकीनं हात जोडलेलं चित्र पाठवलं. ॲडमिननं लिहिलं, "ग्रुपवर फक्त अभ्यासाचं बोलावे."

त्याचा वेगळा मेसेज आला. "डिलीट कर. अजून वेळ आहे. तुझ्या पाया पडतो."

फोनमध्ये पाया पडत होता. तिथं कुणी बघत नव्हतं ना.

मी डिलीट केलं नाही. ग्रुपही सोडला नाही. मी का सोडू?

अजून काउंटरवर गिऱ्हाइकाच्या फोनला काच बसवताना खिशात माझा फोन थरथरल्यासारखा वाटतो. काढून बघते, काही नसतं. कधी त्याच्या मागचं ते कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. हे भूत इतक्यात जायचं नाही. राहू दे. त्या भुतासोबत जगेन.

पण एकांतात कुणी कितीही गोड हाक मारू दे. चार माणसांत ज्याला माझं नाव घेता येत नाही, त्याला मी ओ देणार नाही.