आईच्या गुणगुणण्याबाबतचा खुलासा

आमच्या आईच्या चॅनेलला पहिली नोटीस आली ती कचरागाडीमुळे. त्या सकाळी सांबारवडीचा व्हिडिओ चालला होता, म्हणजे आई वड्या करत होती आणि मी स्टुलावर चढून मोबाइल धरला होता. कोथिंबिरीचं सारण पारीत भरायला आणि गाडी गल्लीत शिरायला एकच गाठ पडली. आमच्याकडच्या गाडीवर एका जुन्या सिनेमाच्या गाण्याची चाल वाजते, शब्द मात्र ओला कचरा, सुका कचरा असे आहेत. ज्या कुणी ते जुळवले त्याच्या प्रतिभेबद्दल मला आदरच आहे. पण चाल कुठल्यातरी कंपनीच्या मालकीची होती आणि कंपनीच्या यंत्राने ती आईच्या व्हिडिओत बरोबर ओळखली. गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजत आली, तिला कुणी काही विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

नोटिशीत लिहिलं होतं की असे तीन इशारे झाले की चॅनेल बंद, आणि त्यातले सगळे व्हिडिओ पुसले जाणार. आईचे साठाच्या वर होते. ते बघणारे म्हणजे नातेवाईक, आणि नातेवाइकांत मन लावून बघणारी एकच, मौद्याची मावशी, आईची मोठी बहीण. गुडघ्यांचं निमित्त करून ती दोन वर्षं नागपूरला आली नव्हती. पण व्हिडिओ टाकला की तासाभरात तिचा फोन यायचा. "अवं, एवढं तेल? जावई जेवाले येऊन राहिला काय?" मग अर्धा तास दोघी भांडायच्या. आई म्हणायची, मी हे जगासाठी करते. मला माहीत होतं की ती त्या फोनसाठी करते.

मी सदर भागातल्या माझ्या ऑफिसात असताना बाबांनी नोटिशीचं उत्तर परस्पर देऊन टाकलं. बाबा सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते. नोटीस आली की खुलासा द्यायचा, आणि खुलासा द्यायचा तर आधी माफी मागायची, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी लिहिलं, 'उपरोक्त विषयान्वये विनम्रपणे सादर करण्यात येते की, सदर चूक अनवधानाने झाली असून पुनश्च होणार नाही.' खाली तीन चौकोन होते. मला हक्क आहे, मला परवानगी आहे, मला चूक मान्य आहे. बाबांनी तिन्हींवर खुणा केल्या.

"तिन्हींवर काहून?" मी विचारलं.

"रकाना रिकामा ठेवला की अर्ज वापस येते," बाबा म्हणाले. "तीस वर्षं नोकरी केली म्या."

अर्ज वापस आला नाही. चूक मान्य झाल्याबद्दल पहिला इशारा आला.

दुसरी नोटीस आईच्या गुणगुणण्यामुळे आली. आई गाणं म्हटल्याशिवाय स्वयंपाक करत नाही. कढीत गोळे सोडताना तिनं एका जुन्या गाण्याचा मुखडा आणि एक अंतरा म्हटला होता, तोही निम्मा नाकातून. यंत्राने तेवढंही ओळखलं. आईला आधी आनंद झाला. "म्हणजे सुरात होतं!" ती म्हणाली. तोवर बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेला पासवर्ड शोधून दुसरा खुलासा पाठवला होता, पहिल्यापेक्षा जास्त विनम्र.

दुसराही इशारा पडला, आता एकच उरला होता. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली. मी पासवर्ड बदलला आणि मला वाटलेली शहाणपणाची गोष्ट केली. पुढच्या दोन व्हिडिओंचा आवाजच काढून टाकला आणि खाली कृती लिहिली. आईला सांगितलं नाही. ती स्वतःचे व्हिडिओ कधी बघत नसे, मावशीकडून ऐकत असे.

मावशीचा फोन आला नाही. दुसऱ्या व्हिडिओनंतरही नाही. आई दिवसातून चार वेळा मोबाइल उचलून खाली ठेवायची आणि म्हणायची, रेंज नसंल. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला दार वाजलं. दारात मावशी, हातात बॅग, गुडघ्यांना पट्टे, आणि चेहरा रडवेला.

"माहे कान गेले वं!" ती म्हणाली.

आई घाबरली. तिला आत बसवलं, पाणी दिलं. मावशी सांगू लागली, "टीव्ही ऐकू येते. कुकरची शिट्टी ऐकू येते. बसमधी तर शेजारचीचं सगळं घर ऐकू आलं. फकत तूच ऐकू येऊन नाही राहिली. तुहं तोंड हालते, अन् आवाज नाही. एका माणसापुरतेच गेले कान."

"अवं, मग आता कसं ऐकू येऊन राहिलं?" आईनं विचारलं.

मावशी थबकली. "हो वं!" ती म्हणाली, आणि दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या. तरी आलीच आहे तर म्हणून बाबा तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, गुडघे दाखवा.

मग मला कबूल करावंच लागलं. मला वाटलं आई हसेल. ती हसली नाही.

"माहा आवाज काढला तू?" ती म्हणाली. "मले न विचारता?"

त्या कंपनीला मी दोन आठवडे शिव्या घालत होते. कंपनीने निदान नोटीस तरी पाठवली होती. मला खरोखर लाज वाटली, आणि तोंड लपवायला मी चहा ठेवायला गेले.

त्याच दुपारी आईच्या हुकमावरून मी दोन्ही व्हिडिओंचा आवाज परत लावला. चहाचे कप विसळून होईपर्यंत नोटीस हजर. सात दिवसांत उत्तर द्या, नाहीतर तिसरा इशारा. बाबा सवयीनं 'विनम्रपणे' लिहू लागले, तशी आई त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"ते खोडा. लिहा, गाणं तुमचं आहे. आवाज माझा आहे. तो मी स्वयंपाक करताना वापरते."

"अन् लिहा," मावशी दिवाणावरून म्हणाली, "तेल तापलं होतं, गाणं मधातच थांबवता येत नव्हतं."

बाबांनी तेही लिहिलं. चूक मान्य असल्याचा चौकोन आईनं रिकामा ठेवायला लावला. बाबांनी चष्मा पुसून तो रिकामा चौकोन दोनदा पाहिला, मग बटण दाबलं.

निकाल लागेपर्यंत मी हलत नाही, असं मावशीनं जाहीर केलं. मग आमच्या घरात जे सुरू झालं ते कुठल्याही यंत्राला ओळखता आलं नसतं. दोघी एकच गाणं दोन चालींत म्हणायच्या, पहिला अंतरा कुठला यावर भांडायच्या, त्यात वड्या करपायच्या, आणि करपलेल्या वड्या बाबांना वाढल्या जायच्या. दुपारी जमिनीवर चटई टाकून दोघी शेजारी शेजारी झोपायच्या.

बाराव्या दिवशी ऑफिसात मला मेल दिसला. कंपनीने दावा मागे घेतला होता. चॅनेल शाबूत होतं. मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला आणि जवळजवळ ओरडूनच सांगितलं.

 तिच्या मागे मावशी गात होती, अंतरा चुकलेलाच होता. मग आईनं आवाज एकदम खाली आणला.

"तिले नको सांगू अजून," ती म्हणाली. "लगेच बॅग भरंल थे."