अकरा चाळीसची गाडी

आमचे हे रेल्वेत सांधेवाले होते. गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायची, एकतीस वर्षं हेच काम. नुसत्या शिटीवरून इंजिन ओळखायचे आणि जगाला ऐकवायचे. आता निवृत्तीनंतर टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे दार वाजवतात, आणि वर मलाच म्हणतात, तू पुटपुटतेस. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की दोन दिवस अबोला. आणि या माणसाला छंद कुठला लागावा? रुळांचे फोटो काढायचा!

दर वसंतात एक दिवस ते खेड्यांतून जाणाऱ्या एकेरी लाइनच्या कडेने कॅमेरा घेऊन एकटेच हिंडतात. यंदा मी म्हटलं, मीही येणार. घरी जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा पाय दुखलेले परवडले.

स्टेशनवर नव्या वेळापत्रकाचा कागद चिकटवला होता. जरा वाचा म्हटलं, तर मला वेळापत्रक शिकवतेस का, असा चेहरा करून पुढे निघाले. यांच्या डोक्यात गाडी अकरा चाळीसची म्हणजे अकरा चाळीसची.

वळणापलीकडे दोन्ही बाजूंची झाडं पांढऱ्या फुलांनी नुसती लगडली होती. मी जेवणाचा डबा घेऊन थोडी पुढे उतारावर बसले. हे सरळ रुळांच्या मधोमध उभे, डोळा कॅमेऱ्याला. बाजूला व्हा म्हटलं, तर घड्याळ दाखवून म्हणाले, अजून वीस मिनिटं आहेत.

तेवढ्यात शिटी ऐकू आली. यांनी मानसुद्धा वळवली नाही. मग यांच्या पाठीमागे वळणावर इंजिन दिसलं आणि पुन्हा शिटी झाली, चांगली लांब. हातातलं सगळं टाकून मी ओरडत धावत सुटले. आणि हे कॅमेऱ्यातून माझ्याकडे बघत हाताने खुणावताहेत, मधून बाजूला हो! गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा धरून मी त्यांना खेचलं. दोघंही गवतात कोसळलो. फोटो घालवलास, एवढं ते म्हणेपर्यंत गाडी शेजारून धडधडत गेली.

मग मी रडले आणि तोंडाला येईल ते बोलले. कॅमेऱ्यात शेवटचा फोटो माझाच निघाला होता, केस सुटलेले, तोंड उघडं. तो हे कितीतरी वेळ बघत बसले.

"शिटी दिली होती का गं त्याने?"

"दोनदा."

त्यानंतर त्यांनी एकही फोटो काढला नाही. परतताना स्टेशनच्या बाकावर मी सवयीने त्यांच्या डावीकडे बसले.

"इकडून बस," ते हळूच म्हणाले. "या कानाने अजून थोडं ऐकू येतं."

मी उठून उजवीकडे बसले. लांबून शिटी आली तेव्हा ते समोरच बघत होते. त्यांच्या कानाशी वाकून मी सांगितलं, गाडी आली.