चौथा पंच

सईद सरखोत कतारहून कायमचा परत आला, तेव्हा तिकडे नेमकं काय करत होता हे सांगताना त्याची पंचाईत व्हायची. ड्रायव्हर म्हटलं, वेल्डर म्हटलं, की रोह्याजवळच्या अष्टमी गावातली माणसं मान डोलवायची. डॉक्युमेंट कंट्रोलर म्हटलं की विचारायची, "म्हणजे क्लार्क ना?" हे त्याला लागायचं. सव्वीस वर्षं त्यानं एका तेल कंपनीचे कागद सांभाळले होते. त्याच्या शिक्क्याशिवाय एक नकाशा पुढे सरकत नसे. नंबर चुकलेला कागद तो मोठ्या इंजिनियरलाही परत पाठवायचा.

म्हणून माळखारच्या लोकांनी बोलावलं तेव्हा त्याला फार बरं वाटलं.

कासू स्टेशनात उतरून खाडीच्या अंगानं अर्धा तास चाललं की माळखार. पन्नास-साठ घरं, निम्मी शेती करणारी, निम्मी मिठागरावर राबलेली. सईदच्या आजोळची थोडी खारजमीन तिथं होती, त्यामुळे दाव्यात त्याचंही नाव होतं. दावा जुना. २००७ साली गावची भाताची बरीचशी खारजमीन सरकारी कागदावर 'पडीक, कोणी कसत नाही' अशी लागली आणि एका कंपनीच्या पाइपलाइनसाठी गेली. गाव तेव्हापासून कोर्टात होतं. सतरा वर्षांनी कोर्टानं हुकूम केला, जमिनीच्या चौकशीचे झाडून सगळे कागद लोकांना खुले करा. आणि खरोखरच केले. अकरा हजार दोनशे चाळीस पानं एका पेनड्राइव्हवर. क्रम नाही, यादी नाही, काही पानं तिरकी, काही चक्क उलटी. एका पत्राचं पहिलं पान इथं, तर दुसरं तीन हजार पानांपलीकडे.

पेणच्या वकीलबाईंनी हात टेकले. "हे कुणी नीट लावून दिलं तर मी केस उभी करते. मला एकटीला वर्ष लागेल."

गाव समितीचे अध्यक्ष हैबतराव, निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "आपले सईदभाई आहेत की."

सईदनं जानेवारीत काम सुरू केलं. रोज पहाटे फजरची नमाज झाली की लॅपटॉप उघडायचा. एक मोठा तक्ता केला. पान नंबर, तारीख, कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, त्यात नावं कुणाची. कुठलं पान कशाला जोडायचं त्याचा वेगळा रकाना. बायको अमीना चहा ठेवून जायची, तो गार व्हायचा. दर शनिवारी मेमू गाडीनं कासूला जाऊन तो समितीला काय सापडलं ते सांगायचा. शाळेच्या ओट्यावर माणसं जमायची, आणि तो बोलायला लागला की गप्प व्हायची. त्या गप्प होण्याची त्याला हळूहळू चटक लागली.

मार्चमध्ये पंचनामा सापडला.

गाव सतरा वर्षं ज्याच्या शोधात होतं तो हाच कागद. 'समक्ष पाहणी केली असता जमीन पडीक दिसून आली. कोणाची हरकत नाही.' खाली पाच पंचांच्या सह्या. चौथी सही, शिवा म. पाटील.

शनिवारी ओट्यावर पन्नासएक माणसं होती. हैबतराव म्हणाले, "नावं वाचा." सईदनं वाचली. पहिले तिघे केव्हाच वारलेले. चौथं नाव वाचलं तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या, कारण शिवा महिपती पाटील समोरच, पायरीवर बसला होता.

शिवा सत्तरीच्या आसपासचा. उमेद होती तोवर मिठागरावर खपला, मग गावच्या बांधाची उघाडी सांभाळू लागला. भरती आली की दार पाडायचं, ओहोटीला उचलायचं, खारं पाणी शेतात शिरू द्यायचं नाही. प्रत्येक मोर्चात तो पुढे असायचा. आता तो उठून उभा राहिला.

"मी? मी कवा सही केली?"

"तुमचंच नाव हाय, शिवादादा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"नाव असंल. पन मी पडीक कशाला म्हनंन? माझाच भात होता तितं."

पाचवं नाव वाचायचं राहून गेलं. सगळे सईदकडे बघत होते. तेव्हा तो म्हणू शकला असता, थांबा, पडताळून सांगतो. कतारमध्ये त्यानं तेच केलं असतं. पण तो म्हणाला, "कागद खोटं बोलत नाय, शिवादादा."

त्यानंतर जे झालं ते झपाट्यानं झालं. कुणीतरी त्या पानाचा फोटो काढला, चौथ्या सहीभोवती लाल गोल केला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. शिवाला समितीतून काढलं. उघाडीची चावी काढून निकेशला दिली. निकेश धाटावला एका कारखान्यात शिफ्ट करणारा. एका भरतीला तो कामावर अडकला आणि दोन शेतांत खारं पाणी गेलं. तरी कुणी शिवाला हाक मारली नाही. शेजारच्या लग्नात हळदीला त्याच्या बायकोला, सगुणाला, बोलावणं आलं नाही. एप्रिलच्या शेवटी दोघं पेणला लेकीकडे निघून गेली. लेक दिपिका गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होती. शिवालाही तिथंच मूर्ती घासायचं काम मिळालं.

हे सगळं सईदला कळत होतं. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कागदाचं कागदापाशी, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मेच्या मध्यावर तो सुटी राहिलेली पानं जुळवत होता. जोड न सापडलेली चारशे पानं. पान २३१८ उघडलं. उलटं स्कॅन झालेलं. फेब्रुवारीत त्यानं स्वतःच त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'सुटं पान, उलटं, नंतर पाहू.' आता त्यानं ते फिरवून सरळ केलं. पाच ओळी होत्या. पंचांची पूर्ण नावं, वय, धंदा, राहणार. ती पंचनाम्याच्या पानाची मागची बाजू होती.

चौथी ओळ: शिवा मारुती पाटील, वय २७, धंदा चौकीदार, राहणार बोरखार.

महिपती नव्हे, मारुती. २००७ साली माळखारचा शिवा पन्नाशी ओलांडलेला होता. बोरखार खाडीपलीकडचं गाव, आणि चौकीदार कुणाचा, तेही पुढच्या कागदांत मिळालं. कंपनीचाच.

अमीना आत आली, म्हणाली, "काय झालं? बरं नाय वाटत काय?"

"काय नाय," तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

अकरा दिवस त्यानं कुणाला सांगितलं नाही. या अकरा दिवसांचीच त्याला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली. चूक एका क्षणाची होती, पण हे अकरा दिवस त्यानं पुरते शुद्धीवर राहून घालवले होते. अकरा हजार पानांत ते पान त्याच्याशिवाय कुणाला सापडणार नव्हतं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. एकदा तर त्यानं तक्त्यातली 'नंतर पाहू' ही अक्षरं पुसली आणि पुन्हा लिहिली.

बाराव्या दिवशी त्यानं ग्रुपवर टाकलं: 'तांत्रिक दुरुस्ती. पंचनामा, पंच क्रमांक ४, पूर्ण तपशील पान २३१८ वर उपलब्ध.' तिघांनी अंगठ्याची खूण टाकली. पान कुणी उघडलं नाही.

त्या दिवशी त्यानं अमीनाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकताना तिचा हात थांबला.

"ग्रुपवर टाकलंत म्हनता. नाव घेतलं होतं तवा काय ग्रुपवर घेतलंत?"

त्यानं हातातला फोन खाली ठेवला.

"बाजाराला आली की सगुणाबाय माझ्याशी स्टेशनात बोलत उभी रहायची," अमीना म्हणाली. "दोन म्हैने झाले, मी पन तिला फोन नाय केला. मला वाटलं, माझा नवरा खोटं कशाला वाचंल."

दुसऱ्या दिवशी सईद पेणला गेला. कारखान्यात अंगणभर पांढऱ्या मूर्ती ओळीनं सुकत ठेवल्या होत्या. शिवा एका मूर्तीच्या सोंडेवर पॉलिश पेपर फिरवत बसला होता. भुवया, केस, सदरा, सगळं पांढरंधोप. सईदला बघून तो उठला नाही.

सईदनं पान काढून सगळं सांगितलं. महिपती, मारुती, बोरखार, चौकीदार. सांगताना आवाज इतका खाली गेला की दोनदा परत सांगावं लागलं.

सईदनं दाखवलेल्या ओळीवर शिवानं बोट ठेवलं. म्हणाला, "म्हंजे मी नव्हतो."

"नव्हता, दादा."

"मला वाटाय लागलं होतं, मीच असंन." त्यानं तोंडावरची भुकटी पुसली. "सायब लोक यायचे, कागद पुढं करायचे, बोट ठेवतील तितं आमी सही करायचो. मला सहीच तेवढी येते, वाचता कुटं येतंय. मी सगुणाला म्हनलो पन, गो, केली असंल माझ्या हातानं. गाव बुडवला असंल मीच."

सईदनं मनाची तयारी शिव्या खाण्याची केली होती. याची केली नव्हती. त्याला तिथं उभं राहवेना, आणि निघताही येईना. शेवटी तो म्हणाला, "शनिवारी चला. सगळ्यांच्या समोर वाचतो."

"तू वाच. मी नाय येत."

शनिवारी सईद ओट्यावर उभा राहिला. शिवा आला नव्हता, पण सगुणा आली होती, आणि बायकांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. सईदनं पान उंच धरून चौथी ओळ वाचली. मग म्हणाला, "हे पान माझ्याकडं फेब्रुवारीपासून होतं. मी नीट बघितलं नाय. कळल्यावरही अकरा दिवस गप बसलो. शिवादादाचा यात काही दोष नाय. दोष माझा."

कुणी वर बघेना. ज्याच्या त्याच्या नजरेपुढे आपण केलेलं काहीतरी असणार. हैबतराव खाकरले. "चुका होतात, सईदभाई. तुम्ही केवढं काम केलंत."

मागून सगुणा म्हणाली, "परत वाच."

त्यानं परत वाचलं. ती ऐकून घेऊन, कुणाशी न बोलता स्टेशनच्या वाटेला लागली.

गंमत अशी, की त्याच पानानं केस फिरली. पंच गावचा नाही, कंपनीचाच नोकर, म्हणजे पंचनामाच खोटा. वकीलबाई खूश झाल्या. पुढच्या तारखेला त्यांनी कोर्टात सांगितलं की अकरा हजार पानांतून हे पान श्री. सरखोत यांनी शोधलं. कुणीतरी सईदच्या पाठीवर थाप मारली. त्याची मान वर होईना. संध्याकाळी गावात पेढे वाटले, त्यातला एक त्याच्या हातावर ठेवला, तो त्यानं रुमालात गुंडाळून खिशात घातला.

हैबतराव आणि दोघेतिघे उघाडीची चावी घेऊन पेणला गेले. शिवानं त्यांना चहा पाजला आणि चावी घेतली नाही. "निकेशला जमंल आता," एवढंच म्हणाला.

सईदनं काम सोडलं नाही. अजून चार हजार पानं बाकी आहेत. पण आता तो ओट्यावर नावं वाचत नाही. कागदात कुणाचं नाव आलं की आधी त्याच्या दारात जातो, वय विचारतो, बापाचं नाव विचारतो, सही करून दाखवा म्हणतो. माणसं कंटाळतात. आठवड्याला तीनशे पानं होत होती, तिथं आता साठ होतात.

गणपतीच्या आधी एकदा त्याला शिवा पेणच्या एसटी स्टँडवर दिसला. माळखारचा एक म्हातारा गाडीची वाट बघत होता, त्याच्याशी बोलत होता. सईद जवळ गेला तेव्हा शिवानं सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढलं. पान २३१८ ची झेरॉक्स, लॅमिनेट करून घेतलेली. चौथ्या ओळीखाली पेनानं रेघ.

"ह्ये बघ," तो त्या म्हाताऱ्याला सांगत होता, "वाचता येत असंल तर वाच. मारुती लिवलंय. आमचा बाप महिपती."

"अरं, कळलंय आमाला सगळ्यांना," म्हातारा म्हणाला. "ठेव ते."

"नाय, बघ तरी."

शिवाची नजर सईदवर गेली. त्यानं मान हलवली, ओळख दिली, आणि कागद तसाच पुढे धरून ठेवला. रोह्याची गाडी लागली होती. सईद दाराशी गेला, मागे वळून बघण्याचा त्याला धीर झाला नाही.