भिंतीला टेकलेला नारळ

देवाचं आणि माझं कधी भांडण नव्हतं, पण येणं-जाणंही नव्हतं. पेणला माझं मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं आणि पंचक्रोशीत बंद पडलेली कुठलीही गाडी शेवटी माझ्याच दारात यायची. हाताने दुरुस्त होणार नाही असं जगात काही नाही, ही माझी पक्की समजूत. घरातला देव बायकोकडे आणि दुकानातली हत्यारं माझ्याकडे, अशी आमची वाटणी लग्नापासून ठरलेली होती आणि ती दोघांनाही मान्य होती. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा तिचा खोकला सुरू झाला. पाऊस संपला तरी तो संपेना. मुंबईला नेऊन छातीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि क्षय असल्याचं सांगितलं. माझ्या हातांना न जमणारं काम आयुष्यात पहिल्यांदाच समोर आलं होतं, आणि मला भीती वाटण्याआधी राग आला.

औषध नवीन निघालं होतं, सुया टोचायच्या होत्या, त्या टोचायला मी शिकलो. पण डॉक्टर म्हणाले की नुसत्या सुयांनी भागणार नाही. समुद्राची मोकळी हवा हवी, थंडीचे चार महिने तरी. हवा फुकट असते, पण ती घ्यायला राहायचं कुठे? अलिबागला आमचे जवळचे नातेवाईक होते. त्यांचं उत्तर आलं की घराचं काम काढलंय. त्या घरात पुढची दहा वर्षं कुणी साधी वीट हलवली नाही. त्यांनाही दोष देत नाही. त्या काळी या दुखण्याचं नाव ऐकलं की लोक पाण्याचा पेला वेगळा ठेवत, आणि त्यांच्या घरात लहान मुलं होती. धर्मशाळेतही खोकणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी निघायला सांगत.

मग मी ठरवलं की कुणाच्या दारात जायचंच नाही. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान मोडीत निघालं होतं, त्यातला एक दोन चाकांचा ट्रेलर माझ्या दुकानामागे पडून होता. त्यावर मी लाकडी घर चढवलं. साडेसहा हात लांब, चार हात रुंद. आत एक पलंग, एक फळी, स्टोव्हला कोपरा, तिन्ही बाजूंना खिडक्या, वर पत्र्याचा टप. पाणी आणि ओल वर येऊ नये म्हणून तळाच्या फळ्यांच्या फटी कापसाने बुजवून खालून डांबराचे तीन हात दिले. जुन्या जीपला ते जोडून गावातून पहिली फेरी मारली, तेव्हा लोक ओट्यावर येऊन बघत होते. "मेस्त्रींनी घराला चाकं लावली, आता मेस्त्रीणबाई भांडून माहेरी जायची सोय राहिली नाही, घरच मागे येईल," असं शेजारचे काका म्हणाले. ती खूप दिवसांनी हसली आणि हसता हसता खोकली. माझी छाती मात्र फुगली होती. देवाने दुखणं दिलं असेल, घर मी दिलंय, असं मला वाटत होतं.

पहिली सफर किहीमला झाली आणि छान झाली. दुसऱ्या खेपेला नागावला एका वाडीत जागा मिळाली. चार दिवस वाडीवाले शहाळी आणून देत होते. पाचव्या दिवशी त्यांनी खोकला ऐकला, मला दोन प्रश्न विचारले आणि संध्याकाळच्या आत जागा मोकळी करा म्हणाले. मी "अशक्तपणा आहे हो" म्हणून पाहिलं. ते खोटं मी तोपर्यंत इतक्यांदा बोललो होतो की अडखळतही नव्हतो. परत येताना पेण जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "आपण कोणाला फसवू नये हो. मला फार लाज वाटते." मी गाडीचा आवाज मोठा केला.

तिसऱ्या खेपेला काशीदला जायचं ठरवलं, कारण तिथे वस्ती थोडी आणि किनारा लांबलचक. तिच्या आग्रहाखातर वाटेत पाली केली. ती बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन येईपर्यंत मी बाहेर टायरांची हवा बघत होतो. ती आली ती लाल फडक्यात बांधलेला नारळ घेऊन, आणि तो तिने ट्रेलरच्या समोरच्या खिडकीत, टपाच्या आड्याला टांगला. "वजन वाढवतेस," मी म्हटलं. "राहू दे. तुमच्या जॅकपेक्षा हलका आहे," ती म्हणाली.

रोह्याहून साळावकडे आणि तिथून किनाऱ्याने खाली जाताना एक लहान खाडी लागे. पूल नव्हता. ओहोटीला बैलगाड्या खाडीच्या तोंडावरून वाळूतूनच पलीकडे जात. भरती-ओहोटीची वेळ काढायचा त्या किनाऱ्यावरचा हिशेब मला ठाऊक होता. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. त्या दिवशी पौषातली संकष्टी होती, तिचा उपास होता. चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती तर नवाला ओहोटीचा तळ. नवाला निघू, मी म्हटलं. तिने पंचांग उघडून सांगितलं, "अहो, सकाळी अजून तृतीयाच आहे. चतुर्थी दुपारनंतर लागते. चंद्र उगवताना चतुर्थी असते म्हणून उपास आज." मी म्हटलं, "अगं, उपास चतुर्थीचा आणि तिथी तृतीयेची, असं कुठे असतं का?" माझ्याएवढा शहाणा पंचांग कशाला बघेल! खरं म्हणजे समुद्र तिच्या पंचांगाने चालत होता आणि तळ सव्वाआठलाच होऊन गेला होता. त्यात पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले, उधाण उतरलेलं नव्हतं.

नवाला आम्ही उतरलो. जीप पलीकडच्या टणक वाळूवर चढली, आणि मागे ट्रेलरचं डावं चाक गाळात गेलं. मी जोर दिला तसं ते आणखी रुतलं. जॅक लावला तर जॅकच वाळूत घुसला. फळ्या घातल्या, त्या मोडल्या. क्लचचा जळका वास यायला लागला. मी जीप सोडवून पुढे घेतली आणि हातांनी वाळू उपसू लागलो. उपसलेली जागा पाणी भरून टाकत होतं, आणि माझ्या हिशेबाने ते पाणी अजून यायलाच नको होतं. ट्रेलर डावीकडे कलला होता. ती आत पलंगावर होती, अंगात बारीक ताप होता. तिला उचलून काठावर नेता आलं असतं, पण पुढे काय? ते घर गेलं तर तिच्या उरलेल्या थंडीचं, त्या हवेचं, सगळ्याचं काय? दुसरं घर बांधेपर्यंत तिच्याकडे वेळ होता की नाही, हे मला माहीत नव्हतं. पाणी घोट्याला लागलं आणि मी चिखलात गुडघे टेकून म्हणालो, "बल्लाळेश्वरा, माझं डोकं चालत नाही. आता तूच बघ." लग्नानंतर पहिल्यांदाच मी देवाशी बोललो, तेही दात-ओठ खात.

मान वर केली तर एक म्हातारी कोळीण पाण्यातून चालत येत होती. मागे तिचे दोन मोठे मुलगे खांद्यावर होडीचा दोर घेऊन. पलीकडच्या उंडीच्या झाडांमागे त्यांचा कोळीवाडा होता, तिथले सगळे तिला बय म्हणत, हे नंतर कळलं. तिने मला काही विचारलं नाही. वाकून ट्रेलरच्या खाली हात घातला, फळी वाजवली, बोटं हुंगली.

"बुडाला डांबर लावलास?"

"तीन हात," मी म्हणालो.

"मंग ही होरीच हाय. रुतलेली होरी कोन वरतं का? वरशील तं मोरंल. हात काढ."

तिच्या बोलीत 'ड'चा 'र' होई; होडी ओढशील तर मोडेल, असं ती म्हणत होती. मला वाटलं तिला समजलं नाही. मी सांगू लागलो की पाणी चढतंय, अर्ध्या तासात दारापर्यंत येईल.

"येऊं दे ना. पानी आलं म्हंजे पानीच उचलल. तू कवापासून त्याच्या आरवा येतंस. हात काढ, मेस्त्री."

मी हात काढले. ते खाली सोडायला मला किती जड गेलं ते शब्दांत सांगता येणार नाही. मग बयने दार उघडलं, पाठ वळवली आणि बायकोला म्हणाली, "बस गो पाठीवर." मी पुढे होऊन म्हटलं की मी नेतो, तिला जरा अशक्तपणा आहे. पण बायको पलंगावरून हलली नाही. तिने बयकडे बघून स्पष्ट सांगितलं, "मला क्षय आहे. तुम्ही मला शिवू नका."

आता हे लोक दोर उचलून निघून जातील आणि घरही जाईल, असंच मला वाटलं. बय तशीच पाठ करून उभी होती. "ठावं हाय," ती म्हणाली. "खोकला काठावर ऐकला. माजी सून ह्याच खोकल्यान गेली. तवा तिला उचलाया कोनी आला न्हाय. बस."

ती बसली. बयने तिला गुडघाभर पाण्यातून नेलं, उंडीच्या सावलीत जाळ्यावर निजवलं, आणि परत पाण्यात येऊन ट्रेलरचा दांडा धरून उभी राहिली. मुलगे मागच्या बाजूला गेले. दोर जीपला बांधून मला टणक वाळूवर जीपमध्येच बसवलं होतं, इंजिन चालू ठेवून. मी मागे वळून बघत होतो. समोरच्या खिडकीत तो लाल फडक्यातला नारळ दिसत होता, डावीकडच्या चौकटीला टेकलेला. घर कललेलं, म्हणून तो टेकलेला. पाणी बयच्या मांडीला लागलं, मग कमरेला. मला काही करायचं नव्हतं, आणि काही न करणं मला येत नव्हतं. मी नुसता त्या नारळाकडे बघत राहिलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो चौकटीपासून सुटला. एक बोट, मग वीतभर. मधोमध आला आणि हळूच झुलायला लागला.

"आता," बय म्हणाली.

मी जीप इतकी सावकाश सोडली, जणू नुकतं चालायला लागलेल्या पोराचं बोट धरलंय. ज्या घराला मी दीड तास घाम गाळून तसूभर हलवू शकलो नव्हतो, ते चालत माझ्यामागे आलं. ज्या पाण्याला मी शिव्या देत होतो त्यानेच ते आणलं. पंचांगाप्रमाणे निघालो असतो तर रुतल्यावर आणखी पाऊण तास हाताशी मिळाला असता, आणि त्या पाऊण तासात ओढाताण करून मी आस मोडला असता, हे मेकॅनिक म्हणून सांगतो. चमत्कार म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला एवढं माहीत आहे की मी हाक मारली आणि कुणीतरी चालत आलं.

सुयांची पेटी कोरडी होती. आत फक्त उंबऱ्यापाशी थोडी ओल. मी हात जोडून बयला विचारलं, काय देऊ? ती चाकांच्या घराकडे बघत म्हणाली, "मला ह्यात बसवून काशीदला ने." आणि ती खरोखर पलंगावर ऐसपैस बसून, खिडकीतून ओळखीच्यांना हात करत काशीदपर्यंत आली. ती थंडी आम्ही तिथेच काढली. बय एक दिवसाआड शहाळी घेऊन यायची, बायकोच्याच पेल्यातून चहा प्यायची. शिमग्यापर्यंत ताप गेला. पुढल्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो बघितला, मागचा पुन्हा मागवून घेतला, आणि दोन्ही खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले.

त्यानंतर अशक्तपणा हा शब्द मी कुणाला सांगितला नाही. दर थंडीत आम्ही ट्रेलर घेऊन काशीदला जात राहिलो. दर वेळी पालीचा नवा नारळ, आणि आता टायर बघून झाल्यावर मीही देवळात जायचो. निघण्यापूर्वी तिला विचारायचो, तिथी कोणती? ती सांगायची आणि मी मुकाट्याने पाऊणपट करायचो.

पाच वर्षांनी एकदा गेलो तर बय तापाने निजून होती, श्वास लागत होता. त्या दुखण्यातून ती उठली आणि आणखी तीन वर्षं आम्हाला शहाळी पाजत जगली. पण त्या सकाळी तिला मुरूडच्या दवाखान्यात न्यायची घाई होती, आणि वाड्यातल्या भुसभुशीत वाळूत जीप जाईना. मुलगे होडी घेऊन समुद्रावर गेलेले. मी तिला उचलायला वाकलो. एवढ्यात बायको माझ्यापुढे आली. पदर खोचून तिने पाठ वळवली आणि म्हणाली, "बय, बसा."

मला भीती वाटली. चार पावलांवर धाप लागणारी तिची छाती मला आठवली. मी आधार द्यायला हात पुढे केला.

"हात काढा," ती म्हणाली.

मी हात काढले. ती बयला पाठीवर घेऊन ताठ चालत वाळू तुडवत गेली, थेट ट्रेलरपर्यंत, आणि एकदाही खोकली नाही.