एकाच लॉटच्या डिस्क

महाग ते टिकाऊ आणि स्वस्त ते कुचकामी, हे मी माणसांबद्दल ऐकत मोठी झाले. सुरतेत, लिंबायतच्या आमच्या खोलीत पुस्तकं थोडी, युनियनची पत्रकं फार. बाबा कामावरून येताना खिशात घालून आणायचे आणि मी ती मोठ्यानं वाचायची. त्यामुळे बमरोलीच्या साडीछपाईच्या मिलमध्ये संगणक सांभाळायला लागले, तेव्हा हार्ड डिस्कवरूनसुद्धा भांडले.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. साडीची डिझाइनं कागदावरून संगणकावर येत होती. एकेक फाइल एवढी मोठी, की उघडेपर्यंत चहा थंड व्हायचा. विकणाऱ्यानं सर्व्हरसाठीच्या खास, महागड्या डिस्क सुचवल्या. मी म्हटलं, घरच्या संगणकात असतात तसल्या साध्या डिस्क घ्या, सहा. एका कार्डाला जोडल्या की सगळ्या मिळून वाचतात, म्हणून वेग येतो. त्यातली एक मेली, तर उरलेल्या पाच मिळून तिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर पुन्हा लिहून देतात. शेठना स्वस्त हा शब्द आवडला, मला बाकीचं सगळं.

"पण एकाच लॉटच्या आणजो, बेन," शेठ म्हणाले. "एकाच खोक्यातल्या."

कुणालाही ते खटकलं नाही. आमच्या धंद्यात लॉट बदलला की कापडाची छटा बदलते आणि पार्टी माल परत पाठवते. खोक्यावरचे नंबर जुळवून, त्याच खोक्यातली एक जादा घेऊन मी आले.

बरेच महिने ऐटीत गेले. मग एका सकाळी एक डिस्क मेली. मी घाबरले नाही, उलट थोडी फुशारकीच मारली. जादाची बसवली, पुनर्लेखन सुरू केलं. दुपारी डिस्कच्या डब्यातून आवाज यायला लागला. टक्, टक्. दुसरी डिस्कही मरायला टेकली होती.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी मान वर केली. खानदेशातून आलेल्या. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांच्या रेखाटनात रंग भरत होत्या. शेठनी पहिल्यांदाच त्यांना लग्नसराईची आख्खी मालिका काढायला दिली होती. दुसऱ्या दिवशी मार्केटची पार्टी ती बघायला येणार होती. पसंत पडली तर ताई डिझायनर, नाहीतर पुन्हा रंग भरणं. सगळं थेट संगणकावर काढलेलं, कागदावर काही नाही.

"मन्हं काम गयं का व बहीण?"

"अजून नाही."

"मंग एक जागे बस ना. तुन्हा येरझाऱ्या दखीसनी मन्हा जीव घाबरस."

मला बसवत नव्हतं. एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी कामाला जुंपलेल्या, एकाच उकाड्यात चाललेल्या त्या डिस्क एकदमच थकणार होत्या, आणि पुनर्लेखन त्यांना दम न घेता पिदडत होतं. आणखी एक गेली की सगळंच जाणार. कामगारांच्या एकीबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. सगळे एकाच दिवशी थकले तर काय, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

मी पुनर्लेखन थांबवलं आणि निघेल तेवढं दुसऱ्या संगणकावर काढायचं ठरवलं. शेठ धावत आले.

"पहेला चालती डिझाइन काढ. जूनी. ते माझं सोनं छे."

"शेठ, जुन्यांच्या छापायच्या स्क्रीन-चौकटी खाली छपाईत उभ्या आहेत. कापडावरूनही ती पुन्हा काढता येतील. ताईंचं काम या डब्याबाहेर कुठेच नाही."

"ने पार्टीने नवी नाही आवडली तो?"

"बघायला मिळाली तर ना आवडणार-नावडणार!"

"लीडर छे तू. युनियनमां जा."

"जाईन. आधी हे काढू द्या."

ताई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, उद्या पार्टीला काय दाखवाल? माझं तोंड?"

शेठ हसले, हात वर केले. "काढो, बाबा, काढो."

फायली रांगत आल्या. पडद्यावरची पट्टी थांबायची, सरकायची, पुन्हा थांबायची. बुट्टे आले, काठ आले. नवरीच्या साडीचा पदर तेवढा राहिला असताना डबा गप्प झाला. त्याच्याबरोबर शेठची जुनी डिझाइनंही गेली. शेठ खाली छपाईत निघून गेले.

"पदरच ना?" ताई म्हणाल्या. "सरक."

त्या पुन्हा काढायला बसल्या. पार्टी आली तेव्हा पदर अर्धाच होता. व्यापाऱ्यानं मालिका घेतली, पण नवरीची साडी वगळून. मी त्याच्याशी भांडायला निघाले होते. ताईंनी माझी ओढणी धरून मला मागे खेचलं.

डिझायनरचं टेबल त्यांना मिळालं. नंतर तो पदर त्यांनी सवडीनं पुरा केला. मला सुरेख वाटला. त्या मात्र मान हलवायच्या, "पह्यला चांगला व्हता." तो पहिला मी नीट पाहिलाच नव्हता.